एका रानफळाचा हिशेब



औषधी वनस्पतींवर बोलायचं ठरलं तेव्हा संयोजकांची अपेक्षा बहुधा अशी असावी, की मी आपल्या सह्याद्रीतली चार झाडं सांगेन, कुड्याच्या सालीचे गुण गाईन आणि जाता जाता गुळवेल कशी ओळखायची ते दाखवेन. ते काम इथे बसलेल्यांपैकी दहाजण तरी माझ्यापेक्षा चांगलं करतील. मी आज तुम्हाला त्याच डोंगररांगेच्या पार दक्षिण टोकाला नेणार आहे. तिथे राहणाऱ्या एका लहानशा आदिवासी समाजाला एक रानफळ ठाऊक होतं. त्या फळाचं पुढे औषध झालं, औषधाचा करार झाला, करारातून पैसे आले, जगभर वाहवा झाली. आणि तरीही ते सगळं प्रकरण शेवटी अडलं. कुठे अडलं, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय.

केरळ आणि तमिळनाडूच्या सीमेवर अगस्त्यकूडम हे शिखर आहे. उंची 1868 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून दोनशे मीटरांनी जास्त. अगस्त्य ऋषी तिथे राहिले अशी श्रद्धा. सिद्ध वैद्यकाची परंपरा त्यांनाच आद्यगुरू मानते. नेय्यार आणि पेप्पारा ही दोन अभयारण्यं याच डोंगराच्या केरळ बाजूच्या उतारांवर आहेत. 2001 साली हा सारा टापू जैवावरण राखीव क्षेत्र झाला आणि 2016 मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात गेला. या जंगलात आणि त्याच्या कडेकडेने काणी लोकांच्या वस्त्या आहेत. सरकारी कागदांत त्यांना काणिक्कार म्हणतात. केरळात त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास, काही वस्त्या पलीकडे तमिळनाडूत. पूर्वी फिरस्ती शेती, मध, वेत, बांबू. आता टॅपिओका, मिरी, थोडं रबर आणि मिळेल ती मजुरी. त्रावणकोरच्या राजघराण्याला ओणमच्या आधी रानातला नजराणा नेऊन देण्याची त्यांची जुनी रीत आहे. राजाची प्रजा म्हणून जंगलावर त्यांचा काही एक मान होता. पुढे जंगल राखीव झालं, मग अभयारण्य झालं, आणि हा मान कागदावरून नाहीसा झाला. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट इथे येऊन ठेचकाळते.

काणींच्या वस्तीचा प्रमुख तो मूट्टुकाणी आणि वैद्यकी जाणणारा तो प्लाती. वैद्यकी म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर काढे, चाटणं आणि बस्त्यातल्या मुळ्या येतात. प्लातीच्या कामात तेही आहे, पण तेवढंच नाही. दुखणं हटेना झालं की चाट्टु पाट्टु होतं. हे रात्रभर चालणारं गाणं. त्याला साथ कोक्कराची. कोक्करा म्हणजे कडेला दाते पाडलेली लोखंडी नळी. तिच्यावर लोखंडाची सळई घासायची, आणि त्या करकरीच्या ठेक्यावर प्लाती गात राहतो. शहरी माणूस हे ऐकतो आणि लगेच दोन ढीग करतो: हे औषध, ही अंधश्रद्धा. पहिला ढीग प्रयोगशाळेत न्यायचा, दुसरा लोककला महोत्सवात. प्लाती हे ढीग करत नाही. कोणती मुळी कुणाला द्यायची, कुणाला नाही, कधी खणायची, कुणाला दाखवायची, हे सगळं त्याच्या लेखी एकाच गोष्टीचे भाग आहेत.

हे ज्ञान वस्तीत सगळ्यांकडे सारखं नसतं. जखमेवर कसला पाला चोळायचा हे पोरांनाही कळतं. बाळंतिणीचं बायका जाणतात. काही गोष्टी मात्र प्लातीपाशी राहतात आणि तो त्या निवडून एखाद्यालाच सांगतो. आपल्याकडे ठाकरांत, महादेव कोळ्यांत असे जाणते असतातच की. ‘सांगितलं की गुण जातो’ असं म्हणून हसत विषय बदलणारा म्हातारा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. आपण त्याला हट्टी म्हणतो, कंजूष म्हणतो. वकिलाने अशिलाची गोष्ट सांगितली नाही तर त्याला मात्र आपण व्यवसायनिष्ठ म्हणतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, म्हणजे माझ्याविषयी गैरसमज नको. रानातलं ते सगळं गुणकारी, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. नाग चावल्यावर वैदूची वाट पाहू नये, सर्पविषावरची लस असलेला दवाखाना गाठावा. रानवैद्यकात अचूक निरीक्षण आहे तसे चुकीचे समजही आहेत, आणि कोणतं कुठलं हे तपासून पाहिल्याशिवाय कळत नाही. माझं म्हणणं इतकंच, की तपासणाऱ्याने आधी विचारलं पाहिजे.

आता फळाकडे येऊ.

1982 साली केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने आदिवासींच्या वनस्पतीज्ञानाची देशव्यापी नोंद करण्याचा एक मोठा प्रकल्प सुरू केला. त्याचे मुख्य समन्वयक होते डॉ. पल्पू पुष्पांगदन. डिसेंबर 1987 मध्ये त्यांचं पथक अगस्त्यकूडमच्या जंगलात चढत होतं. वाटाडे म्हणून बरोबर काणी तरुण होते. चढ उभा, ऊन, पाठीवर सामान. शास्त्रज्ञ दर थोड्या वेळाने टेकत होते. वाटाडे मात्र चालता चालता कसली तरी बारीक काळसर फळं तोंडात टाकत होते आणि ताजेतवाने दिसत होते. त्यांनी पाहुण्यांनाही चार दिली. ती खाल्ल्यावर थकवा उतरल्यासारखं वाटलं, असं त्या पथकाने पुढे लिहून ठेवलं. साहजिकच विचारणा झाली: हे काय? कुठल्या झाडाचं?

वाटाड्यांनी सांगायला नकार दिला. ही आमच्यातली गोष्ट आहे, बाहेर सांगायची नाही, असं त्यांचं म्हणणं. शास्त्रज्ञांनी समजूत घातली, दुरुपयोग होऊ देणार नाही असा शब्द दिला, आणि अखेर झाड दाखवलं गेलं. या प्रकरणावर आजवर जे काही लिहिलं गेलं त्यात हा प्रसंग दोन ओळींत उरकलेला असतो, एखाद्या चांगल्या गोष्टीच्या सुरुवातीसारखा. मला तो फार मोठा वाटतो. एका डोंगरवाटेवर, सरकारी पथकाची हमाली करणाऱ्या दोन-तीन तरुणांनी संपूर्ण जमातीच्या वतीने निर्णय घेतला. त्यांना तो अधिकार कुणी दिला होता? त्यांनी तरी तो मागितला होता का? आणि शब्द देणाऱ्याने तो नक्की कुणाला दिला?

झाडाचं काणी नाव आरोग्यपच्च. शास्त्रीय नाव ट्रायकोपस झेलॅनिकस, त्यातली त्रावणकोरी उपजाती. झाड म्हणायलाही बेताचंच. जमिनीलगत सरपटणारा बारीक कंद, त्यातून वर आलेले वीतभर देठ, आणि प्रत्येक देठाच्या टोकाला एकच पान. पानाचा आकारही एकसारखा नाही. कुठे हृदयासारखं रुंद, कुठे भाल्यासारखं निमुळतं. फुलं शोधायची तर खाली वाकायला लागतं. पानाच्या बुंध्यापाशी, नाजूक देठांवर, जांभळट-तपकिरी आणि सहा टोकांची. फळ तीन धारांचं. ओढ्याकाठच्या दाट सावलीत ते वाढतं. पावलाखाली आलं तरी कळणार नाही असं. वनस्पतीशास्त्रात त्याची गणना सुरण-कोनफळातल्या कोनफळाच्या कुळात होते. ट्रायकोपस झेलॅनिकस ही जात वनस्पतीशास्त्राला अठराव्या शतकापासून ठाऊक होती. 1788 साली गेर्टनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तिचं बारसं केलेलं. थकव्यावर ती चालते ही गोष्ट मात्र काणींखेरीज कुणाच्या गावी नव्हती.

नमुने जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत गेले. उंदरांना पाण्यात पोहायला लावून ते किती वेळात थकतात हे मोजण्याची एक पद्धत आहे. तिच्यात आरोग्यपच्चचा गुण दिसला. 1988 साली पहिला निबंध आला आणि त्यात या वनस्पतीला काणींचा जिनसेंग म्हटलं गेलं. गंमत पाहा, काणी फळ खातात, औषधाचं लक्ष गेलं पानाकडे. पानातही तसाच गुण असल्याचं आढळलं, आणि फळांपेक्षा पानं मुबलक मिळतात. पुढे पुष्पांगदन तिरुअनंतपुरमजवळच्या पालोड इथल्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान आणि संशोधन संस्थेचे संचालक झाले. तिथे आरोग्यपच्चच्या जोडीला अश्वगंधा, पिंपळी आणि विष्णुक्रांता घालून एक पूड तयार झाली. नाव ठेवलं ‘जीवनी’.

1995 च्या नोव्हेंबरात या संस्थेने कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला जीवनीच्या उत्पादनाचा परवाना दिला. मुदत सात वर्षं, शुल्क दहा लाख रुपये, शिवाय कारखान्यातून निघणाऱ्या मालाच्या किमतीवर दोन टक्के स्वामित्वधन. आणि या पैशांपैकी निम्मे काणी समाजाला द्यायचे, असं संस्थेने ठरवलं. म्हणजे शंभर रुपयांचा माल निघाला तर दोन रुपये संस्थेकडे आणि त्यातला एक काणींकडे. एक टक्का हा आकडा ऐकून सभागृहात हलकंसं हसू उमटलं. ते स्वाभाविक आहे, पण जरा थांबा. तेव्हा भारतात असा हिस्सा द्यायला भाग पाडणारा एकही कायदा नव्हता. जैवविविधता करार रिओमध्ये 1992 साली झाला होता, भारताने त्याला 1994 मध्ये मान्यता दिली होती, पण देशातला कायदा व्हायला 2002 उजाडलं. पुष्पांगदन आणि त्यांच्या संस्थेने हे आपणहून केलं. एक रुपयाही द्यायचा नसता तर वाट मोकळी होती. त्यांच्या हेतूवर शंका घेणारी टीका मी वाचली आहे आणि मला ती पटलेली नाही.

पैसा मात्र लगेच पोचला नाही, कारण घ्यायला कुणी नव्हतं. काणी समाज म्हणजे कोण? त्यांची ना संस्था, ना बँकेत खातं. 1997 च्या अखेरीस केरळ काणी समुदाय क्षेम ट्रस्ट या नावाने न्यास नोंदला गेला. ज्यांनी झाड दाखवलं होतं त्यांतले काही त्याचे पदाधिकारी झाले. 1999 साली पाच लाखांहून थोडी अधिक रक्कम न्यासाच्या नावावर जमा झाली. मुद्दल ठेवायचं, व्याज खर्चायचं अशी व्यवस्था. 2002 मध्ये जोहान्सबर्गला शाश्वत विकासाची जागतिक परिषद भरली, तिथे या प्रयोगाचा गौरव झाला. जगभरच्या अभ्यासक्रमांत ‘काणी प्रारूप’ शिकवलं जाऊ लागलं. अजूनही शिकवतात.

इकडे डोंगरावर काय चाललं होतं?

पहिली फूट खुद्द काणींत पडली. संस्थेचा संबंध मुख्यतः कुट्टिचल पंचायतीतल्या वस्त्यांशी आला होता, कारण वाटाडे तिथले. वितुरा आणि पेरिंगम्मला पंचायतींतल्या काणींना हे कळलं ते बाहेरून. आरोग्यपच्च त्यांच्याही रानात होतं, त्यांच्याही आजोबांनी खाल्लं होतं. आम्हाला कुणी विचारलं, असं ते म्हणू लागले. नऊ प्लातींनी मिळून केरळच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं: आमचं ज्ञान खाजगी कंपन्यांना विकलं जाऊ नये. अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधनासाठी असलेल्या कोळिकोडच्या सरकारी संस्थेनेही या कराराला आक्षेप घेतला. म्हणजे एका सरकारी संस्थेने करार केला आणि दुसरी सरकारी संस्था त्याच्या विरोधात उभी राहिली.

या पत्राकडे आपण नीट पाहायला हवं. प्लातींनी जास्त टक्के मागितले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, विकू नका. करार, कायदा, परिषदा या सगळ्यांची चर्चा ‘किती’ या प्रश्नापासून सुरू होते: किती टक्के, किती हप्ते, किती वर्षं. प्लाती त्याच्या एक पायरी आधी उभे होते. द्यायचं की नाही, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर देण्यासाठी कुठलाही रकाना नव्हता. वाटाड्यांनी रानात झाड दाखवलं, हीच संमती मानली गेली होती. बरं, पन्नास टक्क्यांऐवजी नव्वद टक्के देऊ केले असते तरी त्या पत्रातला एक शब्द बदलला नसता.

दुसरी अडचण पानाची. जीवनी बनवायची तर टनांनी पानं हवीत. आरोग्यपच्च मूळ अधिवासात किंवा त्याच्या लगत वाढलं तरच त्याच्यात औषधी गुण टिकतो, असं संस्थेच्या संशोधनात दिसलं होतं. म्हणजे कोइमतूरच्या सपाट शेतात ते लावून भागत नाही. जंगल हवं, जंगलाची सावली हवी. यातून एक सुंदर योजना निघाली. काणी कुटुंबांनी वस्तीलगत झाडाखाली आरोग्यपच्च लावायचं, पानं खुडून द्यायची, झाड तसंच ठेवायचं. वर्षातून पुन्हा पुन्हा पानं येतात. आदिवासी विकास योजनेतून काही कुटुंबांना लागवडीसाठी पैसेही मिळाले. कागदावर यापेक्षा बरी योजना कुणी काय करणार? रान राखलं तरच उत्पन्न, आणि रान राखणारालाच उत्पन्न.

पण ते रान वन खात्याचं होतं.

खात्याची बाजूही ऐकून घ्या. ही दुर्मीळ वनस्पती, थोड्याशा टापूत आढळणारी. लागवडीच्या नावाखाली रानातली झाडं मुळासकट उपटून विकली जातील ही भीती त्यांना होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. बातमी फुटल्यावर बाहेरचे व्यापारी फिरू लागले होते आणि काही ठिकाणी झाडं उपटली गेलीही. खात्याने लागवडीला, वाहतुकीला हरकत घेतली. काणींनी स्वतः लावलेल्या झाडाचं पान राखीव क्षेत्राबाहेर नेलं तर ते चोरीच्या मालात जमा होणार होतं. पुढे परवानगीबाबत बैठका झाल्या, पत्रव्यवहार झाला, खात्यालाही महसुलात वाटा हवा अशी चर्चा निघाली. कारखान्याला लागेल इतका पाला नियमित कधी मिळालाच नाही. माल कमी, म्हणून स्वामित्वधन कमी. परवान्याची मुदत संपल्यावर पुढचं सगळं रेंगाळत गेलं. मधल्या काळात अमेरिकेतल्या एका कंपनीने ‘जीवनी’ हे नाव आपल्याकडे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून टाकलं. इकडून परदेशात नाव राखण्याची तजवीजच झालेली नव्हती. वर्तमानपत्रांनी गदारोळ केला तो या अमेरिकन कंपनीवरून. मला ती बाब दुय्यम वाटते. परकी कंपनी आली नसती तरी पान डोंगरातून खाली उतरणार नव्हतं.

माझा आजचा मुद्दा म्हणाल तर हा. काणींच्या ज्ञानाला मोबदला मिळाला. ज्या जमिनीत ते ज्ञान उगवतं तिच्यावर त्यांना काहीच मिळालं नाही. आणि हातात जमीन नसेल तर ज्ञानाचा मोबदला ही एकदाची बिदागी होऊन बसते.

आपल्याकडचं एक उदाहरण याला जोडून घेतो. नरक्या हे झाड कोयना-महाबळेश्वरकडे आणि कोकणच्या घाटांत अनेकांनी पाहिलं असेल. निदान हुंगलं तरी असेल, नाव उगाच नाही पडलं. 1966 साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं केलं. हे मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. पुढे टॅक्सॉल या कर्करोगावरच्या प्रसिद्ध औषधाच्या शोधातही त्यांचा वाटा आहे. 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं, की हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यात भरपूर आहे. 1996 मध्ये त्यापासून बनवलेली दोन कर्करोग-औषधं अमेरिकेत मान्य झाली आणि घाटमाथ्यावर कुऱ्हाडी फिरू लागल्या. नरक्याचा लाकूडफाटा किलोच्या भावाने गोण्यांतून गेला. तोडणारे बहुतेक स्थानिकच होते, रोजावर. इथे कुणाचं गुपित चोरलं गेलं असं मी म्हणणार नाही. शोध प्रयोगशाळेतला होता. पण चित्राची दुसरी बाजू तंतोतंत तीच आहे. ज्या डोंगरावर झाड होतं तिथल्या गावाला ते विकायचंही अधिकृतपणे जमत नव्हतं आणि राखायचंही नाही. राखण्याची जबाबदारी खात्याची, तोडण्याची मजुरी गावाची.

श्रेय देण्याच्या बाबतीत आपण पूर्वजांहून फार पुढे गेलो आहोत असा एक समज आहे. डच गव्हर्नर व्हान रेडे याचा मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याची साक्ष छापली आहे, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पुभट या तीन कोंकणी ब्राह्मणांचीही. या तिघांची साक्ष नागरी लिपीत आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी एका वसाहतवाद्याने माहिती देणाऱ्यांची नावं, त्यांच्या भाषेत, त्यांच्या लिपीत, ग्रंथाच्या दर्शनी भागात छापली. ज्यांच्या नावाने आपली ही व्याख्यानमाला चालते ते सर वर्गात याच ग्रंथाचा दाखला देत आणि मग विद्यार्थ्यांच्या हर्बेरियमच्या कागदांवर माहिती देणाऱ्याचं नाव नसेल तर कागद परत करत. चांगली शिस्त होती. पण नाव छापल्याने हक्क येत नाही. इट्टी अच्युतनचं नाव ग्रंथात राहिलं, मसाल्यांचा आणि औषधांचा व्यापार कंपनीकडे.

आता कायद्याकडे वळतो, थोडक्यात. 2002 चा जैवविविधता कायदा आला आणि लाभाचा वाटा देणं बंधनकारक झालं. देशी कंपन्या म्हणत राहिल्या की हे परदेशी लोकांपुरतं. 2018 च्या डिसेंबरात उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या खटल्यात ते म्हणणं फेटाळलं. मग 2023 साली कायद्यात दुरुस्ती झाली. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना आणि नोंदणीकृत आयुष वैद्यांना वाट्यातून सूट मिळाली. ग्रंथबद्ध म्हणजे चरक, सुश्रुत आणि तत्सम. वरवर पाहता रास्त वाटतं. सुश्रुताचे वारस कोण आणि त्यांना वाटा कसा देणार? हळदीच्या पेटंटचा लढा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपण जिंकलो तो छापील पुराव्यांच्या बळावरच; 1997 मध्ये ते अमेरिकन पेटंट रद्द झालं. छापलेलं ज्ञान हे कवच आहे, हे खरंच.

पण काणींच्या बाबतीत हे कवच उलटं बसतं. सुश्रुताने वर्णिलेली ‘वाराही’ ही दिव्यौषधी म्हणजे आरोग्यपच्चच असावी, अशी शक्यता काही संशोधकांनी मागे मांडली आहे. वनस्पती ओळखण्याच्या दृष्टीने तो कुतूहलाचा विषय आहे, वाद घालावा असा. आता त्याच्यासमोर 2023 ची दुरुस्ती ठेवा. उद्या ती ओळख मान्य झाली, तर काणींनी पिढ्यानपिढ्या तोंडी जपलेलं ज्ञान एका रात्रीत ग्रंथबद्ध ठरू शकेल, आणि ग्रंथबद्ध ठरलं की वाटा मागायला जागा उरत नाही. सुश्रुतातला एक श्लोक प्लातीच्या सगळ्या आयुष्यावर भारी पडेल. हे होईलच असं मी म्हणत नाही. कायद्याची वाट तशी मोकळी ठेवलेली आहे एवढंच दाखवतो.

दुसरा कायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्याची चर्चा वनस्पतीशास्त्राच्या व्यासपीठावर फारशी होत नाही. 2006 चा वनहक्क कायदा. त्याच्या व्याख्येप्रमाणे गौण वनोपजात औषधी वनस्पती, मुळं, कंद, मध, बांबू सगळं येतं, आणि त्याची मालकी, ते गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क वनवासींचा आहे. त्याच कलमात पुढे जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर आणि बौद्धिक संपदेवर समूहाचा हक्क मान्य केलेला आहे. कलम तीन, पोटकलम एक, त्यातला ‘ग’ आणि ‘ट’. इंग्रजी प्रतीत सी आणि के. ज्ञान आणि जंगल एकाच कलमात. 1995 च्या करारात जे सुटलं होतं तेच इथे एकत्र आलं आहे. हा कायदा तेव्हा असता तर मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिण्याऐवजी प्लाती ग्रामसभेत उभे राहिले असते, आणि कंपनीला आधी त्या सभेत यावं लागलं असतं.

कायदा आहे म्हणून हक्क मिळतोच असं नाही, हे या सभागृहाला सांगायला नको. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क 2009 मध्ये मिळाला. त्यानंतरही स्वतःच्या जंगलातला बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना मिळवायला 2011 चा एप्रिल उजाडला. केंद्रीय मंत्री गावात आले तेव्हा ते परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. हक्क होता, पुस्तक नव्हतं. आरोग्यपच्चच्या पानांचं अडलं होतं तेही अशाच एका पुस्तकावाचून.

शेवटी आपल्या दाराशी येतो. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असते आणि तिने लोक-जैवविविधता नोंदवही तयार करायची असते: गावात काय उगवतं, कोण काय जाणतो, कशासाठी काय वापरतात. या नोंदवहीची कल्पना रुजवण्यात आपल्या माधव गाडगीळांचा फार मोठा वाटा. त्यांना अभिप्रेत होतं ते असं, की गावाने स्वतः बसून, भांडून, पारखून ती लिहावी. वर्षानुवर्षं हे काम मागे पडलं. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातली: 31 जानेवारी 2020 पर्यंत नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्याला दरमहा दहा लाख दंड. दंड म्हटल्यावर कामाला वेग आला. देशभर लाखांनी नोंदवह्या झाल्या. बऱ्याच ठिकाणी बाहेरून नेमलेल्या माणसांनी त्या भरल्या, आणि शेजारशेजारच्या गावांची पानं एकमेकांशी इतकी जुळतात की गावं वेगळी का ठेवली असा प्रश्न पडावा.

या वह्यांमध्ये औषधी ज्ञानाचा भाग आहे. तो कुणी सांगितला, सांगताना ही माहिती कुठे जाणार हे त्याला ठाऊक होतं का, आणि ‘हे लिहू नका’ असं एखाद्या वैदूने म्हटलं असेल तर लिहिणाऱ्याने काय केलं, हे तपासायला केरळला जावं लागत नाही. नोंदवही ग्रामपंचायतीच्या कपाटात असते आणि समितीत गावचेच लोक असतात. आपल्यापैकी पुष्कळांचं गाव अजून सुटलेलं नाही; जत्रेला, लग्नाला जाणं होतं. पुढच्या खेपेला ती वही मागून घ्या, औषधी वनस्पतींचं पान काढा आणि ज्याचं नाव तिथे आहे त्याच्या घरी जाऊन हे तुम्हीच सांगितलंत का, एवढं विचारा. नाव नसेलच, तर ग्रामसभेत उभं राहून ते का नाही हे विचारा.